राजेळीवरचा अंगठा

वालीवच्या एका कारखान्याच्या फाटकापाशी मी गाडी थांबवली तेव्हा माझ्यामागे आणखी दोन गाड्या थांबल्या. त्यांतल्या शेवटच्या गाडीत फादर होते. जायचं होतं जूचंद्रला. बायकोच्या चुलतभावाने तिथे फ्लॅट घेतला होता आणि त्या दिवशी घराला आशीर्वाद द्यायचा होता. माणिकपूरहून निघताना मीच सगळ्यांना सांगितलं होतं, "मोबाइलवर रस्ता बघत बसू नका. माझ्यामागे या." पूल उतरल्यावर उजवीकडे वळायचं, ते मी सरळ गेलो. जाताना शंका आलीच नाही असं नाही. पण मागे दोन गाड्या असल्या की शंका घेणं परवडत नाही. रस्ता अरुंद होत गेला, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड आल्या, प्लास्टिक वितळल्याचा वास आला आणि शेवटी ते बंद फाटक आलं. वॉचमन बाहेर आला. त्याने तीन गाड्या पाहिल्या, फादरांचा पांढरा झगा पाहिला आणि मला विचारलं, "माल उतारना है, या भरना है?"

मागच्या सीटवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर त्या पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून होता. त्या दिवसांत त्या फारशा बोलत नसत. पण वॉचमनचं ऐकून त्या स्पष्ट म्हणाल्या, "जावई, माझा हात गेलाय. तुमचं काय गेलंय?"

सासूबाई आमच्या घरच्या बोलीत बोलत. ती बोली कागदावर उतरवायला गेलो की तिचा कणा मोडतो, म्हणून इथे पुस्तकी करून लिहितोय. टोमणा मात्र त्यांचाच आहे, त्यात मी काही भर घातलेली नाही.

तीन गाड्या घेऊन पुढे जायची हौस मला कुठून आली, ते आधी सांगायला हवं. त्याच्या पंधरा दिवस आधी चर्चच्या हॉलमध्ये लागोपाठ तीन रविवार चाललेला एक वर्ग संपला होता. बाहेरगावहून एक सिस्टर आल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की माणसाच्या आत्म्याला एक मूळ वळण असतं आणि अशी वळणं सात आहेत. कुणी सेवक, कुणी रक्षक, कुणी साधक, कुणी शिल्पकार, कुणी साक्षी, अशी ती यादी होती. प्रश्नांचा एक लांबलचक कागद भरून द्यायचा आणि पुढच्या रविवारी आपलं वळण पाकिटातून परत मिळायचं. आमच्याकडे पत्रिका नाही, राशी नाही, साडेसाती नाही. त्यामुळे पन्नाशीला आल्यावर कुणीतरी, आणि तेही चर्चच्याच हॉलमध्ये, आपला स्वभाव कागदावर लिहून दिला की फार बरं वाटतं.

माझ्या पाकिटात निघालं, "वाटाड्या." इतरांना वाट दाखवणारा.

खरं सांगायचं तर माझ्या उत्तरांना मी जरा चांगले कपडे चढवले होते. रस्ता चुकलेला माणूस भेटला तर तुम्ही काय करता, या प्रश्नापुढे मी 'थोडं अंतर सोबत जातो' यावर खूण केली होती. प्रत्यक्षात मी बोटाने दिशा दाखवतो आणि तो माणूस वळायच्या आत निघून जातो. पण कागदाने मला वाटाड्या म्हटलं आणि मी ते मान्य केलं. बायकोने आपलं पाकीट उघडून वाचलं, घडी घातली आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून दिलं. काय आलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आलंय काहीतरी." ती शाळेत शिकवते, मुलांचे निकाल हाताळून तिला निकालांचं कौतुक राहिलेलं नाही.

प्रत्येक वळणाची एक पुस्तिकाही होती, झेरॉक्स काढून टाचलेली. वाटाड्याच्या पुस्तिकेत दोन गोष्टींवर भर होता, सबुरी आणि चिवटपणा. वाटाड्याला पुढचं दिसतं, म्हणून सावकाश चालणाऱ्याचा त्याला राग येतो. त्याने मागच्याच्या पावलाने चालायला शिकावं, ही सबुरी. आणि कुणी त्याचं ऐकलं नाही की तो रुसून बसतो. नाकारलं गेल्यावर दुसऱ्या दिवशी न रुसता पुन्हा तिथेच येऊन उभं राहावं, हा चिवटपणा. सिस्टरांनी हे दोनदा समजावून सांगितलं. मी 'वाटाड्या' या शब्दाखाली लाल पेनाने रेघ मारली आणि पुढची पानं घरी वाचू म्हणून ठेवून दिली.

घरी वाट दाखवायला माणूस तयारच होतं. सासूबाई आगाशीकडच्या आपल्या वाडीतून आमच्याकडे आल्या होत्या, कारण व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट माणिकपुरात आमच्या इमारतीजवळच होती. मेहुणा आणि त्याची बायको दोघं नोकरीला जातात. दिवसभर वाडीत कुणी नाही. म्हणून मेहुण्याने स्पष्ट सांगितलं होतं, की आई आपल्या हाताने जेवायला लागली, आपलं आपण आवरायला लागली, की मी स्वतः येऊन घेऊन जातो. तोवर नाही. डॉक्टरांचंही तेच मत होतं. सासूबाईंनी ते ऐकलं आणि एकच विचारलं, "सुकेळीच्या दिवसांत तरी?"

सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली. बाजारात मिळतात, पण करणारी घरं आता मोजकीच उरली आहेत. सासूबाईंच्या वाडीत त्या एकट्याच करत. नाताळानंतरची कोरडी हवा लागली की अंगणातल्या मांडवावर चटया पडायच्या आणि पुढचे कितीतरी दिवस त्या घरात दुसरा विषय नसायचा. त्यांना घरी जायचं होतं ते या कामासाठी. आणि जाणं अडलं होतं ते उजव्या हातापाशी.

फिजिओथेरपिस्टने सोपे व्यायाम दिले होते. मऊ चेंडू दाबायचा, एका वाटीतले वाल दुसऱ्या वाटीत टाकायचे. मी ते हाती घेतले. फ्रिजवर तक्ता चिकटवला, मोबाइलवर चार गजर लावले. माझी कचेरी चालत सात मिनिटांवर, त्यामुळे दुपारचा गजरही मी जातीने येऊन साजरा करायचो. मी वाटीत ठेवलेल्या सासूबाईंच्या बोटांना एक वाल लागला की मी म्हणायचो, "शाब्बास आई! अजून एक!" आणि वाल चिमटीत आला नाही की मीच तो उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचो, म्हणजे तक्त्यात खूण करता यायची. पाच मुलं वाढवलेल्या आणि वाडी सांभाळलेल्या बाईला मी वालाच्या एकेका दाण्याला शाबासकी देत होतो. हे मला तेव्हा दिसत नव्हतं.

जूचंद्रला आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. फादरांनी खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडलं. सगळ्यांनी उजव्या हाताने क्रुसाची खूण केली तेव्हा माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्यांनी डावा हात उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. चर्चला यायला त्या का तयार नसतात, ते मला तेव्हा कळलं. आम्ही सगळे समजत होतो की चर्चच्या पायऱ्यांची भीती वाटते.

कळूनही मी दुसऱ्या दिवशी सकाळी गजर लावलाच. सासूबाईंनी वालाची वाटी डाव्या हाताने बाजूला सारली. "आता पुरे."

"आई, असं करून कसं चालेल? वाट थोडी उरलीय."

"तुमच्या वाटेने आम्ही काल वालीवला गेलो होतो," त्या म्हणाल्या.

मी तक्ता फाडला नाही, पण त्याच्यावर वीजबिल लावलं. चार दिवस मी त्यांच्याशी फक्त चहा आणि औषधं एवढ्यापुरतंच बोललो. याला रुसणं म्हणतात हे पुस्तिकेत छापलेलं होतं. पण ती पानं वाचायची राहिली होती.

त्या आठवड्यात मेहुणा राजेळीचे दोन घड घेऊन आला. सोबत पेंढ्याची गोणी. एक घड पिकायला लागला होता, दुसरा हिरवागार होता. सासूबाईंनी विचारलं, "इकडे कशाला आणले?" मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. बायको म्हणाली, "हे करणार आहेत सुकेळी. वाटाडे आहेत ना, त्यांना सगळं येतं."

मला काही येत नव्हतं. पण दोन व्हिडिओ पाहिले आणि रविवारी सकाळी पिवळ्या दिसणाऱ्या फण्या घेऊन गच्चीवर गेलो. सासूबाईंना लिफ्टने वर आणलं, शेवटच्या दहा पायऱ्या धरून चढवल्या आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्चीवर बसवलं. मी चटई अंथरली, सुरी घेतली आणि सोलायला लागलो.

"ती अजून पिकली नाहीत," खुर्चीवरून आवाज आला.

"आई, रंग बघा ना. हळदीसारखी पिवळी आहेत."

"रंग बघून केळं सोलतात? रंग बघितला असता तर तुम्हाला मुलगी दिली असती का?"

बायको कपडे वाळत घालत होती. तिने तोंड चादरीआड नेलं.

मी सोललंच. साल निघेना, तर सुरीने तासली. केळी एकाला एक चिकटवून मांडली, म्हणजे जागा वाचते. तासातासाने पलटली, म्हणजे लवकर सुकतील. इमारतीचे सेक्रेटरी वर येऊन बघून गेले, म्हणाले कावळे येतील. आले. एका कावळ्याने एक तुकडा उचलला, कठड्यावर नेऊन चोच मारली आणि तिथेच सोडून दिला. पाच दिवसांनी माझी सुकेळी तयार झाली. रंग जुन्या दोरखंडाचा, चव त्याचीच. मी एक तुकडा बराच वेळ चावला आणि दाढ दुखायला लागली तेव्हा थांबलो.

'सांगितलं होतं' असं सासूबाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "दुसरा घड कुठे आहे?"

तो बाल्कनीत खोक्यात, पेंढ्यात पडून होता. त्यांनी खुर्ची तिथे न्यायला लावली. डाव्या हाताने पेंढा सारला, एक केळं चाचपलं आणि वैतागून हात मागे घेतला. "या हाताला नाही कळत," त्या म्हणाल्या. "केळं उजव्या अंगठ्याला कळतं."

पन्नास वर्षं त्यांनी केळी उजव्या अंगठ्याने दाबून पाहिली होती. सोलायची वेळ आली की नाही हे त्यांना त्या अंगठ्यात समजे, डोळ्यांत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुणीतरी पोळपाट मागावा तसं म्हणाल्या, "माझा हात उचलून ठेवा तिथे."

मी खाली बसलो. त्यांचा हात मनगटापाशी धरून उचलला. वाटला त्यापेक्षा जड होता. अंगठा केळ्यावर टेकवला. त्या डोळे मिटून थांबल्या. बाहेर रिक्षावाले एकमेकांशी भांडत होते.

"आज नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कचेरीला जायच्या आधी मी पुन्हा खाली बसलो, हात उचलला, अंगठा टेकवला. "नाही." तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी केळी माझ्या मते नक्की पिकली होती, सालीवर काळे ठिपके आले होते. मी म्हणणार होतो, "आई, आता..." पण दाढ आठवली आणि गप्प बसलो. त्यांनी अंगठा तसाच ठेवायला सांगितला. "दाबला का मी?" त्यांनी विचारलं. दाबला नव्हता. "दाबला," मी म्हणालो. त्यांनी डोळे उघडले. "खोटं नका बोलू. मला अंगठ्यात कळायला हवं ना. मी उद्या दाबेन."

त्या रोज म्हणायच्या, उद्या. मी रोज खाली बसायचो. यात मी काही कमावलं असं नाही. मला फक्त उशिरा कचेरीत जायची सवय लागली. तोंडाने काही न बोलता पाच मिनिटं एक हात धरून बसणं हे माझ्या आयुष्यातलं पहिलंच काम होतं, ज्यात मला काही करायचं नव्हतं. कंटाळा यायचा. पायाला मुंग्या यायच्या. एकदा तर हात धरूनच मी डुलकी काढली आणि सासूबाईंनी डाव्या हाताने टपली मारली.

मग एका सकाळी मी बाल्कनीत गेलो तर त्या आधीच येऊन बसल्या होत्या. पेंढा सारलेला होता आणि उजवा हात केळ्यावर होता.

"कुणी ठेवला?" मी विचारलं.

"खांद्यातून ढकलत आणला," त्या म्हणाल्या. "बोंब मारू नका."

शाब्बास हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी तो चहाबरोबर गिळला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत वळली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज." कुठून कळलं, विचारायची सोय नव्हती. गच्चीवर चटई अंथरली. या वेळी सुरी नाही. साल आपोआप सुटत होती, आणि खालचा पातळ पापुद्राही काढायचा असतो हे मला तेव्हा समजलं. त्यांनी केळं उजव्या तळव्यात टेकवलं, डाव्याने सोललं. तीन केळी. तिसरं तळव्यातून निसटून चटईवर पडलं. त्यांनी ते पडू दिलं. बाकीची मी सोलली आणि त्या खुर्चीवरून सांगत राहिल्या, दोन केळ्यांत बोटभर अंतर, दिवसातून एकदाच पलटा, दव पडायच्या आत खाली आणा, रात्री टोपलीत पानांनी झाकून ठेवा. मी तसंच करत गेलो. चुकलो की "वालीव!" अशी हाक यायची. आमच्या घरात त्या शब्दाचा आता तोच अर्थ आहे.

सगळं इथेच नीट जमलं असतं, तर मी हे लिहायला घेतलं नसतं. सुकत घातल्याच्या चौथ्या दिवशी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि पडताना तोच हात खाली आला. हाड मोडलं नाही, पण मनगट सुजून भाकरीएवढं झालं. हात गळ्यात बांधला. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, आठ-दहा दिवस काहीच नको, मग पुन्हा सुरुवातीपासून. मेहुण्याने फोनवर सांगितलं, की यंदाचं राहू दे, आईला तिथेच ठेवा. सासूबाईंनी ते ऐकलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

सुकेळी मात्र चुकली नाहीत. मधासारखा रंग धरून ती आक्रसत गेली. मी ती रोज वर नेली, खाली आणली, झाकली आणि त्यांना दाखवायला नेली. त्या नुसत्या बघायच्या. तयार झाल्यावर ती वळकटीसारखी केळीच्या सुक्या पानात बांधायची असतात. मेहुण्याने पानं आणि केळीच्या खोडाच्या सोपटाच्या दोऱ्या पाठवल्या. मी टोपली समोर ठेवली, तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

तेव्हा मी ती राहिलेली पानं वाचली. नवीन काही नव्हतं. सिस्टरांनी सांगितलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन खाली बसलो. त्या म्हणाल्या, "काय?" मी म्हणालो, "काही नाही." पाच मिनिटं बसलो आणि कचेरीला गेलो. पुढचे काही दिवस असंच. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला कामावरून काढलं का?"

गळ्यातली पट्टी सुटली त्या सकाळी टोपली त्यांनीच मागितली. हात पुन्हा मांडीवरच होता, पहिल्यासारखा. "उचला," त्या म्हणाल्या. मी मनगट धरून उचलला आणि पानावर ठेवला. हात ओझ्यासारखा पडून राहिला. दुसऱ्या दिवशीही. या वेळी 'उद्या' असं त्या म्हणाल्या नाहीत. फक्त "ठेवा" एवढंच म्हणायच्या. या खेपेला महिनाभर लागला. पहिली वळकटी त्यांनी बांधली तेव्हा दोरीचं एक टोक दातात धरलं होतं आणि दुसरं उजव्या चिमटीत. गाठ सैल होती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली. पुन्हा सैल. तिसऱ्यांदा बसली. तीच चिमूट पुढे घासाला उपयोगी पडली. आधी सांडत, मग कमी सांडत.

शेवटी मेहुणा आला नाही. आम्हीच त्यांना घेऊन गेलो. सुकेळीचे दिवस जवळजवळ संपले होते. मांडव रिकामा होता, पण त्यांच्या खोलीत एक घड टांगून ठेवला होता. अंगणात तुळशीवृंदावनाएवढा एक जुना क्रूस आहे, त्याच्यासमोर त्या थांबल्या. उजवा हात कपाळापर्यंत गेला, छातीवर आला, डाव्या खांद्याशी जाऊन अडला, बराच वेळ तिथेच राहिला, मग उजव्या खांद्याकडे सरकला. मी, बायको आणि मेहुणा उगाच चपला काढण्यात वेळ काढत होतो. मग त्या घरात गेल्या आणि आतून म्हणाल्या, "हा घड कुणी टांगला? उलटा टांगलाय."

परतताना मी बायकोला म्हणालो, की सिस्टरांच्या कागदात चूक झालीय, मी वाटाड्या नाही, त्यांना कळवायला हवं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, कळवू नका, माझ्याही पाकिटात वाटाड्याच होता.

मी गाडी हळू केली. म्हणजे ते घड, तो पेंढा, मेहुण्याने तिच्याकडे टाकलेला तो कटाक्ष, सगळं तिनेच जुळवलं होतं! "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"एका घरात दोघंही पुढे चालायला लागले असते, तर आई कुणाच्या मागे गेली असती?" ती म्हणाली. "आणि आता उजवीकडे वळा. सरळ नका जाऊ."